शंभर टक्के गळती

चाफेकोंडात चांगू उतेकरला चांगू म्हणून कुणी हाक मारत नाही. सगळे अध्यक्ष म्हणतात. आता चाफेकोंड म्हणजे काय मोठं संस्थान लागून गेलंय अशातला भाग नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात एकेचाळीस घरांचा कोंड, त्यातली सव्वीस बंद. त्यांची कुलपं गणपतीला आणि शिमग्याला निघतात, एरवी माणसं मुंबईत. उरलेल्या पंधरा घरांत म्हातारीकोतारी, थोड्या लेकुरवाळ्या बाया आणि अकरा शाळकरी पोरं. ह्या अकरा पोरांच्या चौथीपर्यंतच्या शाळेला नियमानं एक व्यवस्थापन समिती लागते आणि समितीला अध्यक्ष लागतो. बाया म्हणाल्या, आमाला नको ती कटकट. मग राहिला कोण, तर नातीचा पालक म्हणून चांगू. झाला अध्यक्ष.

दुसरा कुणी असता तर वर्षातनं चार सह्या ठोकून मोकळा झाला असता. चांगूनं ते मनावर घेतलं. त्याला कारण होतं.

तो स्वतः ह्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला. पाचवीसाठी खाली रस्त्यावरच्या शाळेत जायचं तर पाच किलोमीटरची उतरण आणि मधे ओढा. बापानं फार डोकं खाजवलं नाही, पोराला मुंबईला धाडलं. मस्जिद बंदरला मसाल्याच्या गोदामात चांगूनं बावीस वर्षं पाठीवरनं पोती वाहिली. राहायला गावकीची खोली, तिच्यात पाळीपाळीनं झोपणारे चौदा उतेकर. मिरचीनं छाती गेली, पोत्यांनी गुडघा गेला, तेव्हा तो गावी परत आला. पण त्या बावीस वर्षांत एक गोष्ट त्यानं हेरून ठेवली होती. पोत्यावरचा मार्का ज्या हमालाला वाचता येई त्याला मुकादम 'अरे उतेकर' म्हणायचा, आणि ज्याला येत नसे त्याला नुसतं 'ए'. शिक्षणाविषयी चांगूचं जे काही मत होतं ते एवढ्यावरनं झालं होतं, आणि ते भल्याभल्यांच्या मतापेक्षा पक्कं होतं.

मुलगा सार्थक नालासोपाऱ्याला कुरियरच्या कामावर. खोली दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर वाटून घेतलेली, त्यात धाकटं पोर तान्हं, म्हणून थोरली लेक ऋतिका आजा-आजीपाशी. ही पोर जे दिसेल ते वाचायची. खताची पिशवी, गुडघ्याच्या मलमाची नळी, निवडणुकीचं पत्रक, काही सोडायची नाही. चंद्रभागा, म्हणजे चांगूची बायको, शाळेतली खिचडी शिजवायची. ती म्हणायची, "ही पोरगी एक दिस माझ्या कपाळावरच्या आठ्या पन वाचंल." चांगूला त्यावर हसू यायचं, आणि पाठोपाठ काळजी. आपली शाळा चौथीला संपली, सार्थकची दहावीला. ह्या पोरीची मधेच कुठं संपू नये, एवढं एकच मागणं त्याच्यापाशी उरलं होतं.

आणि शाळेचं छप्पर गळत होतं.

एकच खोली, तिचे चार कोपरे म्हणजे चार वर्ग. निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली. पुढच्या साली, ज्या पावसात तिकडं तळीये गाव डोंगराखाली गेलं, त्याच पावसात वासे कुजले. तेव्हापासून जून लागला की आत धारा, आणि धारांखाली घमेली. तिसरीचा कोपरा सगळ्यात वाईट. पश्चिमेच्या भिंतीला पोरी बसायच्या, तिथं पाणी भिंतीवरनं उतरून थेट त्यांच्या दप्तरात. शाळेला शिक्षिका एकच, दीप्तीबाई. महाडहून स्कूटीवर डांबर संपेपर्यंत यायच्या आणि पुढं चढण पायी. पावसाळ्यात त्या एका हातात खडू आणि एका हातात छत्री धरून शिकवायच्या. हे मी वाढवून सांगत नाही, कोंडात कुणालाही विचारा.

चांगूनं पाच वर्षांत पाच अर्ज दिले. स्वतःच्या हातानं लिहिलेले. अक्षर मोठं आणि उभं, पोत्यावरच्या मार्क्यासारखं. विषय पाचही वेळा तोच: 'शाळेच्या गळतीबाबत'. मजकूरही जवळपास तोच. आमच्या शाळेत फार गळती आहे, मुलांचे हाल होतात, साहेबांनी लक्ष घालून बंदोबस्त करावा. कचेरीतला कारकून त्याला लांबून बघूनच म्हणायचा, "आले गळतीवाले." अर्जावर शिक्का मारायचा, पोच द्यायचा, आणि चांगू ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून एस्टीनं परत यायचा. बरं, त्यात त्याला अपमानही वाटत नसे. सरकारी काम आहे, वेळ लागणार, असं तो चंद्रभागेला समजावायचा. चंद्रभागा म्हणायची, "तवर घमेली आनखी चार लागतील."

मग एका डिसेंबरात सर्वेक्षण आलं.

पाच-सहा देशांनी मिळून निधी काढला होता, जगातल्या प्रत्येक पोराला बरी शाळा आणि बरं शिक्षण मिळावं म्हणून. आपलं सरकारही त्यात होतं. दीप्तीबाईंनी हे सांगितलं तेव्हा चांगूला ते एका दमात समजलं. शिमग्याला गाव वर्गणी काढतं, ज्याची ऐपत आहे तो जास्त घालतो, आणि पालखी मात्र सगळ्यांच्या दारात जाते. देशांनी तशीच वर्गणी काढलीय म्हणायची. त्याला त्या परक्या देशांबद्दल एकदम आपुलकी वाटली. कोण कुठले लोक, चाफेकोंडाचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही, आणि तरी त्यांनी खिशात हात घातला होता.

सर्वेक्षणाला आली ती मानसी नावाची मुलगी. मूळची सांगोल्याकडची, कामासाठी बिरवाडीत खोली घेऊन राहिलेली. दिवसाला दोन शाळा उरकायच्या होत्या तिला. चढण चढून आली तेव्हा घामानं डबडबलेली होती. आणि नेमक्या त्याच दिवशी दीप्तीबाई मतदार यादीच्या कामाला पोलादपुरात अडकलेल्या. कपाटाची चावी त्यांच्याकडं, हजेरी कपाटात. चांगूनंच पोरांना खिचडी खाऊ घालून दुपारी घरी सोडलं होतं. शाळेला कडी, अंगणात चिटपाखरू नाही, आकाश स्वच्छ, जमीन कोरडी ठणठणीत. दोघं ओटीवर बसली. मानसीनं मांडीवर टॅब घेतला आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागली.

आता इथं एक सांगून ठेवतो. शिक्षण खात्याच्या भाषेत गळती म्हणजे पोरांनी शाळा मधेच सोडणं. कागदावर हा शब्द कुणी घातला देव जाणे, पण तो रुळलाय. शिक्षकांना माहीत असतो, साहेबांना माहीत असतो. चांगूला माहीत नव्हता. आणि मानसीला छप्पर सुचलं नाही, कारण ती ज्या मुलखात वाढली तिथं पावसाची वाट बघतात, त्याच्याखाली घमेली ठेवत नाहीत.

"काका, तुमच्या शाळेत गळती आहे का?" तिनं विचारलं.

चांगू तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. पाच वर्षं हा शब्द घेऊन तो कचेरीचे उंबरे झिजवत होता, आणि आज कुणीतरी आपण होऊन, इतके देश ओलांडून, तोच विचारत होतं. त्याला खरंच भरून आलं.

"हाय," तो म्हणाला. "लय हाय."

"प्रमाण किती? दहा टक्क्यांच्या आत, तीसच्या आत, पन्नासच्या आत, की त्याहून जास्त?"

"शंभर टक्के."

मानसीनं मान वर केली. "शंभर?"

"चारी वर्ग. पयली म्हनू नका, चौथी म्हनू नका. एक कोपरा सुटलेला नाय."

पहिलीच्या कोपऱ्यात जरा कमी गळतं हे त्याला ठाऊक होतं. पण सरकारदरबारी कमी सांगून कधी कुणाचं भलं झालंय का? थोडं वाढवून सांगावं, मग ते कापून देतात, हा त्याचा मुंबईपासूनचा हिशेब.

"सगळ्यात जास्त कितवीला?"

"तिसरीला. माझी नात दुसरीत, शेजारच्याच कोपऱ्यात बसती, रोज डोळ्यांनी बघतो."

"मुलग्यांमध्ये जास्त की मुलींमध्ये?"

हा प्रश्न चांगूला फार बारकाव्याचा वाटला. पण परदेशी लोक, ते बारकावा बघणारच, असं त्यानं मनाशी म्हटलं. "पोरींकडं जास्त," तो म्हणाला. मानसीनं उसासा टाकला. म्हणाली, सगळीकडं असंच आहे काका, मुलींकडंच जास्त.

"सुरू कधी होते?"

"शाळा उघडली की सुरू. जून ते दिवाळी."

"कारण काय वाटतं? गरिबी, स्थलांतर, पालकांचं दुर्लक्ष, प्रशासनाचं दुर्लक्ष?"

"दुर्लक्ष. वरच्यांचं. लिवा तुमी."

"समितीनं थांबवायचे काही प्रयत्न केले?"

"पाच अर्ज केले. शिवाय दरसाल मी स्वता खपतो. पन एकल्याच्यानं नाय थांबत, ताई."

मानसीनं सगळं भरलं. उठताना ती म्हणाली, "काका, तुम्ही फार प्रामाणिकपणे बोललात. बाकीच्या शाळांत सगळे शून्य सांगतात."

"शून्य?" चांगू चकितच झाला. "खोटं सांगतात. कोकनात शून्य व्हईलच कशी?"

तिनं टॅब पुढं केला, चांगूनं काचेवर बोटानं सही केली. चां. धों. उतेकर, अध्यक्ष. सही जरा तिरकी आली म्हणून त्यानं ती पुसून परत करायला मागितली.

त्या संध्याकाळी त्यानं चंद्रभागेला दोनदा सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वर बघितलं का तिनं?"

"वर कशाला बघायला पायजे? मी सांगितलं ना."

दहा महिने गेले. मधे आणखी एक पावसाळा घमेल्यांवर निघाला. मग ऑक्टोबरात निरोप आला की त्या निधीकडली एक परदेशी बाई आणि पुण्याचे गंधार सर म्हणून कुणी चाफेकोंडाला येणार आहेत. का, तर अहवालात चाफेकोंडाचं नाव पहिल्या पाचांत आलंय. चांगूची छाती फुगली. त्यानं शाळेच्या अंगणात कौलं उतरवायला जागा साफ केली, दगड रचून कट्टा केला. खालच्या वाडीतल्या सुताराला सांगून ठेवलं की वाशांचं काम निघेल, दुसरीकडं शब्द देऊ नको. चंद्रभागेनं घावन घातले. ऋतिकाला पाहुण्यांसमोर धडा वाचायचा होता, तिनं तो इतक्यांदा वाचला की आजीलाही पाठ झाला.

मंडळी आली. परदेशी बाई साठीच्या पुढची, पण चढण चढून आली आणि कुरकुर केली नाही. बरोबरच्या माणसांनी डोक्यावरची खोकी उतरवली आणि एक फलक उलगडून शाळेच्या भिंतीला बांधला. ऋतिकानं मोठ्यानं वाचला, 'गळतीमुक्त शाळा अभियान'. चांगूनं तिकडं हात जोडले. हो, अक्षरशः जोडले. मग तो खोक्यांकडं गेला. खोक्यांत कौलं मावत नाहीत एवढं त्याला कळत होतं, पण पत्रे असतील, निदान प्लास्टिक असेल. खोक्यांत रंगीत तक्ते होते, गोष्टींची पुस्तकं होती, आणि पालकांना समजावण्यासाठी चित्रांची एक चळत होती. एका चित्रात बाप पोरीच्या हातातलं दप्तर काढून घेत होता. हे चित्र छपराच्या कामात कशाला लागतं, ते त्याला उमगलं नाही.

सभा भरली. अकराच्या अकरा पोरं पुढं बसली. परदेशी बाई बोलली आणि गंधार सरांनी मराठीत सांगितलं, "बाईंचं म्हणणं आहे की समिती इतकी मोकळेपणानं बोलली, ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. आता ज्या मुलांनी शाळा सोडली, त्यांच्या घरी जायची त्यांची इच्छा आहे."



"कोनी सोडली?" चांगूनं विचारलं.

गंधार सरांनी हातातला कागद चाळला. "शंभर टक्के गळती नोंदवलीय ना तुम्ही. मुलींची जास्त. तिसरीत सगळ्यात जास्त."

दीप्तीबाई चांगूच्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही गळती कशाला म्हणालात?"

चांगूनं बोट वर केलं. सगळ्यांनी वर बघितलं. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तरी एका वाशाच्या टोकाला थेंब लोंबत होता.

हसलं कुणी नाही. गंधार सर भला माणूस. त्यांनी कपाळाला हात लावला, मग त्या बाईला इंग्रजीत सगळं समजावलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावून छपराकडं बघत राहिली. मग तिनं पोरं मोजली. दीप्तीबाईंनी हजेरी पुढं केली. अकरा नावं, वर्षभर अकरा खुणा. ज्या शाळेतनं सगळी पोरं गेल्याचा डंका झाला होता, तिथनं एकही पोर गेलेलं नव्हतं.

"मग खोडा तो आकडा," चांगू म्हणाला. "चूक माझी हाय. मी सांगतो ना, खोडा."

"तसं खोडता येत नाही काका. अहवाल छापून झालाय. ह्याच आकड्यावर पुढची आखणी झालीय. आणि खाली तुमची सही आहे."

परदेशात कुठल्याशा मोठ्या सभेत पडद्यावर नकाशा दाखवला होता म्हणे, त्यात लाल ठिपका म्हणजे चाफेकोंड. ज्या कोंडाचं नाव एस्टीच्या पाटीवर कधी लागलं नाही, ते इतक्या देशांपुढं गेलं, आणि गेलं ते पोरांना शाळेतनं काढणाऱ्यांचा गाव म्हणून. चांगूला इतकी लाज वाटली की घावनाचं ताट पुढं करायचं भान राहिलं नाही. ते चंद्रभागेनं केलं.

थोड्या वेळानं त्यानं धीर करून विचारलं, "आता तुमी बघितलंत. छपराचं तरी करा."

ह्यावर गंधार सर आणि परदेशी बाई बराच वेळ बोलली. मग सर म्हणाले, हा पैसा शिकवण्यासाठी आहे. पुस्तकं, प्रशिक्षण, मुलांची प्रगती मोजणं. इमारत त्यात बसत नाही. इमारत इथल्या सरकारनं बघायची, असा सगळ्यांचा मिळून करार आहे.

"म्हंजे वर्गनी पालखीची," चांगू म्हणाला, "देवळाच्या कौलांना नाय."

सरांनी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

निघताना परदेशी बाईनं सगळ्यांना नमस्कार केला आणि 'येते' म्हणाली. जाताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे दीप्तीबाईंनी तिला सांगितलं होतं. बायांना ते फार आवडलं. ती पुन्हा आली नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. तिनं छपराचे फोटो काढून नेले होते, पत्रही लिहिलं. त्याचं उत्तर काय आलं ते तिलाच ठाऊक.

मग दीप्तीबाई आणि चांगूनं ठरवलं की चूक दुरुस्त करून घ्यायची. चांगू सहावा अर्ज लिहायला बसला आणि विषयालाच अडकला. 'शाळेत गळती नसल्याबाबत' असं लिहावं, तर छपराची वाट कायमची बंद. आहे म्हणावं, तर पोरं गेली हे शाबीत. तासभर तो कोऱ्या कागदापुढं बसून राहिला. शेवटी बाईंनी मजकूर सांगितला, एकाही मुलानं शाळा सोडलेली नाही, आणि तो त्यानं लिहून नेला. ह्या खेपेला चंद्रभागाही बरोबर गेली.

कचेरीतल्या कारकुनानं तो वाचला आणि आतनं एक धारिका काढली. चांगूचे पाचही अर्ज तिच्यात ओळीनं लावलेले होते. धारिकेवर लिहिलं होतं, 'विद्यार्थी गळती'. पाच वर्षं ते अर्ज बांधकामाच्या टेबलाकडं गेलेच नव्हते. विषय वाचून ज्यानं त्यानं ते ह्या गठ्ठ्यात लावले होते, आणि गठ्ठा कुणी उघडला नव्हता.

"अध्यक्ष," कारकून म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती, "पाच अर्जांत आहे म्हणता, सहाव्यात नाही म्हणता. मी कुठलं खरं धरू?"

चांगूनं तोही अर्ज देऊन पोच घेतली. त्याला राग यायला हवा होता, पण राग धरायला समोर माणूसच सापडेना. कारकून आपलं काम करत होता. मानसीनं तिचं केलं होतं. त्या देशांनी तर चांगलंच करायला घेतलं होतं. मग वाकडं झालं ते कुणाच्या हातनं? फिरून फिरून तो स्वतःच्याच नावापाशी येऊन थांबायचा. परतीच्या एस्टीत तो चंद्रभागेला म्हणाला, "माझं तोंडच शिवायला पायजे व्हतं." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि एस्टीत चारचौघांत असं ती कधी करत नसे.

एप्रिलात यादी आली. ज्या शाळांत मुलं टिकत नाहीत आणि पटही कमी, त्या खालच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. चाफेकोंड यादीत होता. खालची शाळा वाईट नव्हती, उलट त्याच निधीतनं तिथं भिंतीवर पडदा आला होता, पुस्तकांचं कपाट आलं होतं, आणि छप्पर स्लॅबचं होतं. पोरांना न्यायला गाडीही ठरली. फक्त गाडी डांबर संपेपर्यंतच यायची, आणि डांबर ओढ्याच्या पलीकडं संपत होतं. अलीकडची वाट डोंगराच्या ज्या अंगाखालनं जाते तिथं तळीयेच्या साली भेग पडलीय. दर पावसाळ्यात ती थोडी रुंदावते. चांगूनं तिच्यात काठी घालून मोजून ठेवलीय.

दीप्तीबाईंची बदली खालच्या शाळेत झाली. चंद्रभागेची खिचडीची भांडी खाली गेली. अकरा पोरांतली पाच आयांबरोबर मुंबईला गेली, दोन महाडला मामाकडं. चार राहिली.

जूनमध्ये चांगू रोज ऋतिकाला ओढ्यापर्यंत सोडायचा. जाताना उतार, येताना चढ. गुडघा दिवसाआड सुजायचा, पण तो गेला. ऋतिका पडद्यावर काय काय बघितलं ते सांगायची, एका पुस्तकातली देवमाशाची गोष्ट तिनं त्याला चार दिवस पुरवून सांगितली. शाळा चांगली होती हो. हेच तर त्याला सहन होत नव्हतं.

जुलैत पाऊस लागला तो लागला. ओढा दोन्ही काठ सोडून वाहायला लागला. एके सकाळी वाटेवर माती आली, फार नाही, चार पाट्या असेल. चंद्रभागा दारात आडवी उभी राहिली.

"त्या भेगेखालनं मी पोरीला नाय धाडनार," ती म्हणाली. "तुमी अध्यक्ष असा नायतर कोन बी असा."

चांगूनं वाद घातला नाही. त्यानं सार्थकला फोन लावला. सार्थक म्हणाला, "बाबा, इकडं अॅडमिशन फुल झाल्यात. पुढच्या वर्षी बघू ना. एवढा पाऊस जाऊ दे." जुलै गेला, ऑगस्ट गेला. ऋतिका रोज सकाळी वेणी घालून घ्यायची आणि ओटीवर बसून पावसाकडं बघायची. ओढा उतरला की धाडू, असं चांगू तिला सांगायचा. ओढा उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी परत भरायचा. पुढं पुढं तिनं विचारणं सोडून दिलं, आणि चांगूला ते तिच्या विचारण्यापेक्षा जड गेलं.

सप्टेंबरात उघडीप मिळाली तशा दीप्तीबाई वर आल्या. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेल्या. ओटीवर बसून त्यांनी आधी चांगली बातमी सांगितली.

"काका, तुमचं म्हणणं मान्य झालं. निधीवाल्यांनी प्रश्न बदलला. आता 'गळती' शब्द काढून टाकलाय. सरळ विचारतात, 'शाळा सोडलेली मुलं किती'. सगळ्या राज्यात बदलला."

"बरं झालं," चांगू म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं, क्षणभर. "कुनाचा तरी गोंधळ व्हायचा नाय आता."

बाई पिशवीतनं कागद काढायचं लांबवत होत्या. मग काढला. नवीन कागद, नवीन प्रश्न. सलग इतके दिवस गैरहजर असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन भरून आणायचा होता. त्यांनी पेन उघडलं आणि प्रश्न काही त्यांच्या तोंडून निघेना. महाडच्या मास्तरांच्या घरातली बाई, वीस वर्षं नोकरी झालेली, पण मान वर करेना.

चांगूनंच मग विचारलं, "ह्या घरातली किती, असंच ना?"

त्यांनी मान हलवली.

"एक लिवा," चांगू म्हणाला. "लिवा बाई. ह्या खेपेला बरोबर हाय."

बाईंनी लिहिलं. ऋतिका आतनं येऊन खांबाला टेकून उभी होती, ते दोघांनीही पाहिलं नव्हतं.

"आजा," ती म्हणाली, "मी कुठं सोडली शाळा?"

चांगूनं तिच्याकडं बघितलं, मग बाईंच्या हातातल्या कागदाकडं. तो म्हणाला, "जा गो, बाईंना पानी आन."